ढालीच्या संरक्षणार्थ

ज्या वस्तूचा उपयोग संपतो, तिची निगा सुरू होते, हा जगाचा नियम आहे. चालतं घड्याळ मनगटावर घामात भिजतं. बंद पडलेलं मखमलीत निजतं. ढालीचंही तसंच झालं. ढाली जेव्हा खरोखर माणसं वाचवत होत्या, तेव्हा त्या चिखलात पडायच्या, पावसात डोक्यावर धरल्या जायच्या, आणि अडीअडचणीला कोणीतरी त्यांतच घोड्याला पाणी पाजायचं. कौतुक कोणी केलं नाही. पुढे माणसं एकमेकांवर तलवारी उपसायची थांबली (आता नोटिसा पाठवतात), आणि तेव्हा कुठे ढालीला चांगले दिवस आले.

या चांगल्या दिवसांचं फळ म्हणजे प्रतिकृती ढाल रंगकाम व जतन मंडळ. एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी दहा वाजता, मंडळाची सभा भरते. सदस्य एकतीस. सगळे पुरुष, सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळ्यांना चष्मा. या एकतिसांपैकी एकोणतीस जणांनी जन्मात कधी मारामारी केलेली नाही. उरलेल्या दोघांनी केली, पण ती एकमेकांशी, आणि शेवटचा थर चकचकीत असावा की निमचकचकीत या तात्त्विक मुद्द्यावर.

मंडळाचं काम असं. कोरी ढाल विकत घ्यायची. (ती ज्या कारखान्यात दाबून काढतात, तिथे एरवी कपडे धुण्याच्या यंत्रांची झाकणं होतात.) ती घासायची, तिला प्रायमर मारायचा, रंग द्यायचा, तिच्यावर लढाईच्या खुणा करायच्या, आणि शेवटी या सगळ्यावर पारदर्शक लॅकरचे तीन थर चढवायचे. नियमपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ध्येय छापलेलं आहे: ढाल तीनशे वर्षं वापरलेली दिसली पाहिजे आणि तिला कोणाचा हात लागलेला दिसता कामा नये. हे दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं, यावर अठरा वर्षं चर्चा चालू आहे. ज्या संस्थेपुढे न सुटणारा प्रश्न असतो, ती संस्था दीर्घायुषी होते.

अध्यक्ष व्यवसायाने दंतवैद्य आहेत. ते ढालीची तपासणी दातांच्या छोट्या आरशाने करतात आणि तपासताना कपाळावर दिवा बांधतात. एकदा तर सवयीने ते ढालीला 'आता चूळ भरा' असंही म्हणाले. कोणी हसलं नाही. मंडळात हसण्याला बंदी नाही, पण तशी वेळ येत नाही.

या मंडळाने आजवर एकाच सदस्याला 'सरदार' ही पदवी दिली. ही गोष्ट त्यांची.

सरदार विमा कंपनीत दावे विभागात होते. बावीस वर्षं लोक त्यांच्याकडे मोडलेल्या, जळलेल्या, बुडालेल्या वस्तूंचे फोटो घेऊन येत, आणि हे नुकसान मुळात नुकसान नव्हतंच, हे सरदार त्यांना सौजन्याने समजावून सांगत. त्यामुळे घाव या विषयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. घरी बायको आणि वडील. बायको औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळायची. वडिलांनी पन्नास वर्षं पत्र्याचं काम केलं होतं: बादल्या, पेटारे, पन्हळी, पत्रपेट्या. त्या पन्नास वर्षांत डाग देताना निघणारा ॲसिडचा धूर त्यांनी छातीत साठवला होता, आणि आता छाती तो हप्त्याहप्त्याने परत करत होती. उशाशी दम्याचा पंप असायचा. बाकी मागणं काही नव्हतं.

सरदारांनी नवी ढाल घरी आणली त्या दिवशी वडिलांनी ती हातात घेतली, बोटाच्या पेराने कडेला टिचकी मारली आणि कान लावून आवाज ऐकला.

"पातळ पत्रा आहे रे," ते म्हणाले. "मी याची बादलीसुद्धा केली नसती. चार दिवसांत बूड गेलं असतं."

"बाबा, ही प्रतिकृती आहे."

"कशाची?"

"ढालीची."

"मग ढालच का नाही आणलीस?"

सरदारांनी ढाल त्यांच्या हातातून काढून घेतली. अस्सल ढालीपेक्षा प्रतिकृती श्रेष्ठ, कारण जुन्या कारागिरांचं शेवटच्या हाताकडे लक्ष नसायचं, ही मंडळाची भूमिका आहे. पण ती समजायला पात्रता लागते, आणि वडिलांची हयात बादल्या करण्यात गेलेली.

रंगकामाला जागा हवी होती. उत्तरेची खिडकी, घट्ट लागणारं दार, वर्दळ कमी, या तिन्ही कसोट्यांवर घरातली एकच खोली उतरली. तिच्यात वडील राहत होते. सरदारांनी त्यांची खाट बाहेरच्या बोळकांडीत, चपलांचं कपाट आणि विजेचा मीटर यांच्यामध्ये, मापात बसवली. एका इंचाचाही फरक पडला नाही, हे त्यांनी बायकोला आवर्जून दाखवलं.

"किती दिवस?" बायकोने विचारलं.

"एकवीस."

"त्यांना थंडी वाजेल तिथे."

"पांघरूण आहे ना. लोकरीचं आहे."

वडील म्हणाले, "असू दे गं. इथून जिन्यातली माणसं तरी दिसतात."

मग सरदारांनी फ्रिजच्या दारावर सूचनापत्र लावलं. त्या आठवड्यातलं ते चौथं. रंगकामाच्या काळात घरात चादर झटकू नये. केर फक्त ओल्या फडक्याने काढावा. केस विंचरायचे असल्यास जिन्यात जावे. शिंक येण्याची शक्यता वाटल्यास पूर्वकल्पना द्यावी. खाली घरातल्या धुळीची विभागणीही दिलेली होती: पडदे बारा टक्के, पायपुसणं नऊ, लोकरीचं पांघरूण एकवीस, वडील चाळीस, उरलेली रस्त्याची. हे आकडे कसे काढले, असं बायकोने विचारलं. सरदार म्हणाले, "निरीक्षणाने." दावे विभागात या शब्दापुढे कोणी जात नाही.

पहिला आठवडा घासण्यात गेला. दुसऱ्यात प्रायमर झाला, गडद तांबडा रंग झाला, मधल्या उंचवट्याभोवती टेप लावून पिवळा सूर्य काढला. मग खुणांची पाळी आली. नियमाप्रमाणे ढालीला तीन घाव लागतात: एक समोरासमोरचा, एक निसटता, आणि एक जुना, भरून काढलेला. सरदारांनी तिन्ही घावांचे आराखडे आधी पुठ्ठ्यावर कापून घेतले. घाव कुठेही बसतो हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच तो नेमका कुठे बसावा, याची ते काळजी घेत होते.

ढाल जेवणाच्या टेबलावर ठेवून सरदार स्क्रू-ड्रायव्हरने समोरासमोरचा घाव कोरत बसले होते. वडील बोळकांडीतून बघत होते. बराच वेळ त्यांनी धीर धरला.

"असा घाव नसतो रे," ते शेवटी म्हणाले. "हा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतोय. बाजूला हो जरा."

खाटेखालच्या पेटीतून त्यांनी लाकडी हातोडा काढला, ढालीच्या पाठीला गुंडाळलेला टॉवेल लावला, दोन बोटांनी जागा चाचपली आणि एकच ठोका घातला. पत्रा आत गेला, कडेला थोडा उकलला, रंग तिथे किंचित फुटला. तलवार खरंच बसली असती तर असंच झालं असतं. वडिलांना त्या एका ठोक्यानेही धाप लागली, पण चेहरा असा खुलला होता, की बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली.

"बघ," ते म्हणाले. "आता वाटतंय का नाही?"

सरदारांनी पट्टी लावून मोजलं. घाव आराखड्यापेक्षा तीन मिलिमीटर डावीकडे होता.

त्यांनी तो दोन दिवस खपून पुट्टीने भरून काढला, घासून सपाट केला, त्यावर परत रंग दिला, आणि तीन मिलिमीटर उजवीकडे स्क्रू-ड्रायव्हरने तसाच घाव कोरला. तो जवळजवळ तसाच दिसत होता. वडिलांनी हातोडा पेटीत ठेवला आणि त्यानंतर ढालीकडे पाहिलं नाही. कारागिरांमध्ये असा एक हट्टीपणा असतो.

आता राहिलं लॅकर.

इथे वाचकाला थोडी तांत्रिक माहिती द्यायला हवी. हे लॅकर दोन डब्यांत येतं. एकात द्रव, दुसऱ्यात तो कडक करणारं हार्डनर. दोन्ही मिसळले की माघार नाही. स्प्रे-गनने पातळ थर द्यायचा, थांबायचं, दुसरा द्यायचा, थांबायचं, तिसरा द्यायचा. तिसऱ्या थरानंतरची चाळीस मिनिटं निर्णायक. या काळात थर मधासारखा ओला असतो आणि हवेतलं जे काही त्याच्यावर बसेल ते कायमचं त्याचं होतं. हार्डनरच्या डब्यावर श्वासाच्या विकारांबद्दल बारीक अक्षरांत इशारा असतो. सरदारांनी तो वाचला होता. त्यांनी दोन बाजूंना गाळण्या असलेला उत्तम मुखवटा आणला. एकच आणला, कारण रंग एकच माणूस देणार होता.

शनिवारी बायकोची सकाळची पाळी होती. निघताना ती म्हणाली, "बाबांना खाली लाँड्रीत नेऊन बसवा. ते काका बसू देतात. आणि त्यांचा पंप संपत आलाय, नवा त्यांच्या कपाटात आहे, तो बाहेर काढून ठेवा."

"हो हो," सरदार म्हणाले. त्या वेळी ते गनचं तोंड साफ करत होते, आणि तोंड साफ करताना माणसाचं अर्धंच लक्ष कानाकडे असतं.

त्यांनी खोलीची तयारी केली. खिडकी बंद (रस्त्याची धूळ). दाराच्या फटीला ओला टॉवेल. कपाटात जुने कपडे होते आणि जुने कपडे म्हणजे धूळ, म्हणून कपाटाच्या दारांना वरपासून खालपर्यंत टेप. दारावरची हवेची झडप तेवढी उघडी ठेवली, वाफ कुठूनतरी जायला हवी म्हणून. झडप बोळकांडीत उघडायची.

तिसरा थर सुरेख बसला. ओघळ नाही, पुरळ नाही, फुगा नाही. सरदार दोन पावलं मागे सरले आणि मुखवट्याच्या आत त्यांचे डोळे पाणावले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तूंमधले दोष शोधलेल्या माणसापुढे पहिल्यांदाच निर्दोष काहीतरी उभं होतं, आणि ते त्याने स्वतः केलं होतं. त्यांनी घड्याळ लावलं.

दारावर टकटक झाली. एकोणचाळीस मिनिटं उरली होती.

"अरे," बाहेरून वडिलांचा आवाज आला, "नवा पंप दे जरा. हातातला संपला. दाबतोय तर नुसती हवा येतेय."

"बाबा, चाळीस मिनिटं थांबा. थर ओला आहे."

"दम लागलाय रे."

"मग बोलू नका. बोलल्याने जास्त लागतो."

हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता, हे इथे नोंदवलं पाहिजे.

सरदार विचारी होते. त्यांनी दोन्ही बाजू तोलल्या. दार उघडलं तर बोळकांडीतली हवा आत येणार, आणि बोळकांडीत कोणकोण होतं याची टक्केवारी फ्रिजवर लावलेलीच होती. दार न उघडता काही करता येणार नव्हतं. दुसरीकडे, दम काही आज पहिल्यांदा लागलेला नव्हता. तो पूर्वीही लागला होता आणि पूर्वीही थांबला होता. (दावे विभागात याला आधीपासूनचा आजार म्हणतात. त्यावर दावा चालत नाही.)

तरी ते दगड नव्हते. टकटक परत झाली तेव्हा ते कपाटापाशी गेले आणि टेपचं वरचं टोक त्यांनी नखाने उचललं. टेपखालून जुन्या रंगाची पांढरी भुकटी उडाली आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात तरंगायला लागली. सरदारांनी तिच्याकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं, आणि टेप अंगठ्याने परत दाबून बसवली.

टकटक अजून दोनदा झाली. मग खरवडल्यासारखा आवाज आला. मग काही नाही. सरदारांना हायसं वाटलं. माणूस शांत झाला की बरं वाटतंय, असाच अर्थ होतो. दावे विभागातही ज्यांची पत्रं येणं थांबतं त्यांचं समाधान झालं असं धरून फाइल बंद करतात.

सतरा मिनिटं उरली असताना जिन्यात पावलं वाजली. बायको दुकानातून लवकर आली होती. बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि मग तिची हाक.

"अहो! दार उघडा! बाबांचे ओठ निळे पडलेत!"

"सतरा मिनिटं!" सरदार ओरडले, पण मुखवट्यातून तो आवाज हुंकारासारखा आला.

तिने दार ढकललं. सरदारांनी आतून खांदा लावला. किल्ल्यांचे दरवाजे पूर्वी असेच लढवले जात, आणि पडतही असेच. बायको आठवड्याचे सहा दिवस औषधाच्या बाटल्यांचे खोके उचलायची. सरदार आठवड्याचे पाच दिवस पेन उचलायचे. दार उघडलं. तिच्याबरोबर बोळकांडीतली सगळी हवा आत आली, तिच्या खांद्यावर वडिलांचं पांघरूण होतं तेही आलं. कपाटाची टेप तिने एका ओढीत काढली, पंप घेतला, बाहेर जाऊन गुडघ्यावर बसली. वडील चपलांच्या कपाटाला टेकून बसले होते, मान कलली होती. दोन दाब. थांबून आणखी दोन. मग तिने जिन्यातून खाली लाँड्रीवाल्याला हाक मारली. तो आला, त्याने वडिलांना लहान मुलासारखं उचललं, आणि धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर गाडीत नेऊन ठेवलं.

जिन्याच्या तोंडाशी बायको वळली. पांघरूण तिथेच गळून पडलं होतं.

"येताय ना?"

सरदारांनी घड्याळ पाहिलं. "चौदा मिनिटं राहिलीत. तुम्ही पुढे व्हा. मी मागोमाग आलोच."

ती क्षणभर बघत राहिली. अनोळखी माणसाने वाट विचारावी आणि आपल्याला ती माहीत नसावी, तेव्हा माणूस बघतो तसं. मग पर्स छातीशी धरून ती खाली गेली.

सरदारांनी दार लावून घेतलं. उघडं ठेवून आता कोणाचाच फायदा नव्हता.

ढालीच्या लॅकरमध्ये, मधल्या उंचवट्याच्या उजव्या बाजूला, एक केस पडला होता. पांढरा. दोन इंच लांब, टोकाला किंचित वळलेला. सरदारांनी मुखवटा उतरवला. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

"शांत व्हा," दंतवैद्य म्हणाले. त्यांच्या खुर्चीत कोणीतरी तोंड उघडं ठेवून बसलेलं असावं, मागे पाण्याचा आवाज येत होता. "केस कोणाचा?"

"वडिलांचा."

"जाड की बारीक?"

"बारीक."

"वरवर आहे की आत बुडालाय?"

"निम्मा बुडालाय."

"मग हात लावू नका. ओढलात तर चर पडेल. असाच कडक होऊ द्या, नंतर घासून बघू." थोडं थांबून ते म्हणाले, "फार वाईट झालं हो. तुमच्या दुःखात मंडळ सहभागी आहे."

पुढचे सात दिवस लॅकर पूर्ण कडक होण्याचे. या सात दिवसांत सरदारांनी एक महत्त्वाची नोंद केली. घरातल्या धुळीचं प्रमाण चाळीस टक्क्यांनी घटलं होतं. पूर्वीचे अंदाज बरोबर असल्याचं त्यावरून सिद्ध झालं. ते संध्याकाळी ऑफिसातून आले की ढालीसमोर स्टूल घेऊन बसत आणि भिंग लावून केसाकडे बघत. घासून तो जाणार नाही हे त्यांना तिसऱ्या दिवशीच कळलं. चौथ्या दिवशी त्यांनी प्रदर्शनातून नाव मागे घेण्याचं पत्र लिहिलं. पाचव्या दिवशी फाडलं. सहाव्या दिवशी ते जेवले नाहीत. माणूस एखाद्या गोष्टीसाठी किती झुरू शकतो, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी त्या आठवड्यात सरदारांना बघायला हवं होतं.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात भरलं. टेबलांवर एकतीस ढाली. परीक्षक म्हणून एका वस्तुसंग्रहालयाचे निवृत्त प्रमुख आले होते. ते हळूहळू पुढे सरकत होते, आणि प्रत्येक ढालीपाशी 'छान' म्हणत होते. सरदारांच्या ढालीपाशी ते थांबले. वाकले. अध्यक्षांच्या कपाळावरचा दिवा मागून घेतला.

"हा केस आहे," ते म्हणाले.

बाकीचे सदस्य जवळ सरकले. सरदारांचे कान तापले.

"माणसाचा?"

"हो."

"कुठून मिळवलात?"

"घरचाच आहे," सरदार पुटपुटले.

परीक्षक सरळ झाले आणि त्यांनी सगळ्यांकडे वळून पाहिलं. "मंडळी, चाळीस वर्षं मी जुन्या वस्तू हाताळल्या. खऱ्या कारखान्यात कारागिराचा केस वार्निशीत अडकायचा, माशी अडकायची, बोटाचा ठसा राहायचा. बाकीच्या तीस ढाली रंगवलेल्या आहेत. ही एकच अशी आहे, की जिच्याजवळ कोणीतरी जगलं असावं असं वाटतं. इतका खोल विचार! आणि केस पांढरा निवडलाय, म्हणजे कारागीर वयस्कर. वा!"

टाळ्या झाल्या. सरदारांनी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं सगळ्यांना वाटलं, आणि थोड्या वेळाने त्यांनाही तसंच वाटायला लागलं. बक्षीस म्हणून त्यांना 'सरदार' ही पदवी आणि मंडळाची फिरती ढाल मिळाली. (ही ढाल लाकडी असून तिच्यावर लॅकरचा एकही धड थर नाही. पण ती बक्षीस आहे, ढाल नव्हे.)

त्याच महिन्यात नियमपुस्तिकेत कलम चौदा-क आलं: प्रत्येक ढालीच्या अंतिम थरात किमान एक मानवी केस असावा, पांढऱ्यास प्राधान्य. पुढच्या प्रदर्शनात एकतीसपैकी सत्तावीस ढालींवर केस होते. त्यांतले अकरा अस्सल पांढरे, नऊ रंगवून पांढरे केलेले, चार ब्रशचे आणि तीन मांजराचे निघाले. बेकरीवाल्या सदस्याने तर आपल्या सासऱ्यांना ओल्या ढालीशेजारी दीड तास बसवून ठेवलं. पण सासरे टकले होते, आणि हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

असा घोळ होऊ नये म्हणून मंडळाने एक प्रमाण नमुना जपून ठेवायचं ठरवलं: विजेत्या ढालीवरच्याच डोक्याचे पाच केस, काचेच्या पट्टीत. ते आणायची जबाबदारी अर्थातच सरदारांवर आली. आता ते केस ज्या डोक्यावर होते, ते डोकं लाँड्रीच्या गाडीतून गेलं, त्यानंतर त्याचं काय झालं, हे या गोष्टीत अजून आलेलंच नाही.

तर झालं असं. वडील नऊ दिवस हॉस्पिटलात होते, त्यांतले चार ऑक्सिजनवर. आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर आणायची तसदी घ्यावी लागली नसती, असं डॉक्टरांनी बायकोला सांगितलं. दहाव्या दिवशी तिने औषधाच्या दुकानामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि सासऱ्यांना तिथे नेलं. स्वतःही तिथेच राहिली. कपडे न्यायला एकदा घरी आली होती, सरदार ऑफिसात असताना. आवाज न करता आली आणि आवाज न करता गेली. वडिलांची छाती निम्मी राहिली होती. चार पायऱ्यांच्या वर चढता येत नव्हतं. बसल्या बसल्या ते डब्यांचे पत्रे कापून शेजाऱ्यांसाठी पत्रपेट्या करायचे, महिन्याला एक.

सरदार तिथे एका दुपारी गेले. खिशात पाकीट आणि छोटी कात्री. वडील खिडकीपाशी पत्रा घासत बसले होते.

"ये," ते म्हणाले. श्वास घेतला. "बस. कशी झाली ढाल?"

"पहिली आली."

"बरं झालं." परत श्वास. "मेहनत घेतली होतीस."

सरदारांनी खाकरून मंडळाचा ठराव सांगितला. वडिलांनी तो नीट ऐकून घेतला, कानस खाली ठेवली आणि डोकं पुढे केलं.

बायको दारात उभी होती. ती पुढे आली, तिने सरदारांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि खणात ठेवून दिली.

"केस हवेत ना?" ती म्हणाली. "असे सुटे नाही मिळायचे. डोक्यासकट न्या. बाबांना घेऊन चला घरी, त्यांच्या खोलीत. मीही येते. मग काय हवे तेवढे केस गळतील."

वडिलांनी मान वर केली. सरदारांनी खोली डोळ्यांपुढे आणली. तिथे आता काचेची पेटी होती, पेटीत ढाल होती, आणि दाराला नव्या रबराची पट्टी बसवलेली होती.

"खोली सध्या रिकामी नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना पांघरुणाची आठवण झाली. ते बोळकांडीत घडी करून ठेवलेलं होतं. त्यावरून त्यांनी चिमट्याने पाच केस वेचले. सहावाही मिळाला, तो राखीव ठेवला.

मंडळात सध्या नव्या सदस्यांची नोंदणी चालू आहे. रंगाचं ज्ञान असण्याची अट नाही, ढाल स्वतःची असण्याचीही नाही. उमेदवाराला फक्त अशी एखादी हकिगत वाचायला देतात आणि तो कुठे थांबतो ते बघतात. लाँड्रीची गाडी निघाली तिथेच जे थांबले, म्हाताऱ्याचं काय झालं ते आधी सांगा म्हणून जे अडून बसले, त्यांचे अर्ज बाद. केसाचं पुढे काय झालं ते बघायला जे न थांबता पुढच्या ओळीवर आले, ते पात्र. तेव्हा आपला अर्ज मंजूर झाला आहे. रविवारी सकाळी दहा वाजता यावं. घरात पांढऱ्या केसांचं कोणी असल्यास तसं अर्जात नमूद करावं.